जे वाळत नाही, ते शोभत नाही

पोरी,

काल फोनवर तू विचारलंस, “आजी, घर अगदी भुंडं दिसतंय. पडदे हवेत, उशांना अभ्रे हवेत, दारात पायपुसणं हवं. शिवाय पावसाळी चपला घ्यायच्यात. आधी काय करू?” रोहिणी लागल्यात, मृगाला जेमतेम पंधरा दिवस उरलेत, म्हणून लगेच लिहायला बसले. कागदावर असलं म्हणजे कापड बेतताना समोर ठेवता येईल.

तू पुण्यात वाढलीस, आता रत्नागिरीत घर मांडलंयस. पुण्याला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या चौपट रत्नागिरीत पडतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण त्या चार महिन्यांत घरात काय होतं, ते आकड्यावरून कळत नाही. न भिजलेलं कापडही हाताला दमट लागतं. कपाटातल्या चामड्यावर बुरशी धरते. बरणीतलं मीठ पाणी सोडतं. आज धुतलेला टॉवेल परवा वाळतो आणि तोवर त्याला कुबट वास लागलेला असतो.

मी लग्न होऊन साताऱ्याकडून रत्नागिरीत गेले, तेव्हा मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. रुखवतात मांडलेले माझे जाड, अस्तर लावलेले पडदे मोठ्या हौसेने खिडक्यांना लावले होते. गणपती येईपर्यंत त्यांच्यावर काळे ठिपके उमटले. सासूबाई रागावल्या नाहीत. पडदे उतरवून घेतले, उसवून अस्तर वेगळं केलं आणि म्हणाल्या, “या गावात एवढं एक लक्षात ठेव. जे वाळत नाही, ते शोभत नाही.”

त्यानंतर चाळीस पावसाळे मी त्या घरात काढले. कापड निवडताना, शिवताना, चपला घेतानासुद्धा तेच वाक्य कामाला आलं. आता ते तुझ्या हवाली करते. प्रत्येक वस्तूला घरात घेण्याआधी विचार: हे भिजेल का, आणि भिजलं तर एका रात्रीत पंख्याखाली वाळेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती वस्तू दिवाळीनंतर आण.

कापड आधी पाण्यात, मग कातरीखाली

नवं सुती कापड आणलंस की लगेच कातर लावू नकोस. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाल, सकाळी न पिळता वाळत टाक आणि किंचित दमट असतानाच इस्त्री कर. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज जातात, मांजरपाट तर त्याहूनही ओढून घेतो. न भिजवता शिवलेला पडदा पहिल्याच धुण्यात खिडकीच्या वर चढतो. कापड भिजवताना रंगही कळतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून बघ. फडक्याला रंग लागला, तर ते कापड फिकट कापडाबरोबर एका वस्तूत शिवू नकोस.

कुठलं कापड कशाला, हेही समजून घे. सुताला पाणी आवडतं. साध्या हवेतसुद्धा शंभर ग्रॅम सुती कापड सात-आठ ग्रॅम ओल धरून असतं. जुलैच्या हवेत त्याहून पुष्कळ जास्त. पॉलिस्टर मात्र जेमतेम अर्धा ग्रॅम धरतं. म्हणून जे पाणी प्यायला ठेवायचं, म्हणजे पायपुसणं, हातपुसणं, ते सुतीच असावं. जे नुसतं टांगून ठेवायचं, म्हणजे पडदा, ते पॉलिस्टर मिसळलेल्या टेरीकॉटचं असावं. अंगाला लागतं ते, म्हणजे अभ्रा, पलंगपोस, पातळ सुती. एवढी वाटणी केलीस की निम्मं काम झालं.

दोरा मात्र सगळ्याला पॉलिस्टरचा वापर. सुती दोरा दमटपणात कुजतो. कापड धडधाकट आणि शिवण उसवलेली, असं पावसाळ्यानंतर घरोघरी दिसतं, त्याचं कारण हेच.

माया सोड

कापताना शिवणीच्या बाहेर जे कापड राखायचं, त्याला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. मी शिवणवर्ग घ्यायचे तेव्हा नव्या मुलींना पहिल्या दिवशी हा शब्द सांगत असे. मायेशिवाय शिवलेली वस्तू एका धुण्यात विरते, आणि विरली की दुरुस्त करायला जागाच उरत नाही.

घरातल्या वस्तूंना साधी टीप घालताना एक सेंटीमीटर माया पुरे. जाड कापडाला दीड. पडद्याच्या खालच्या काठाला मात्र दहा सेंटीमीटर ठेव आणि ती दोनदा दुमडून शीव. पुढच्या वर्षी घर बदललंस, खिडकी लांब निघाली, तर तीच माया सोडून पडदा वाढवता येईल. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

शिवणीच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके उलटे घाल. हाताने शिवत असशील तर धावदोऱ्यावर विसंबू नकोस. ताण पडेल तिथे उलटी टीप घाल. पावसाळ्यात कापड ओल ओढतं, जड होतं आणि पहिला भार शिवणीवर येतो.

मशीन आणि सुया

माझं पायमशीन तुझ्याकडे दिलंय, ते फार गुणी आहे. त्याला पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तेल दे. प्रत्येक भोकात एकच थेंब, खोबरेल नव्हे, मशीनचंच तेल. खोबरेल थंडीत गोठतं आणि भाग धरून ठेवतं. तेल दिल्यावर दाब खाली सोडून त्याखाली जुनं फडकं रात्रभर ठेव, म्हणजे दुसऱ्या दिवशी कापडावर डाग पडत नाही. बॉबिनच्या घरात साठलेली सुताची लव जुन्या ब्रशने काढ. त्यातच ओल राहते आणि तिथूनच गंज सुरू होतो. काम संपलं की सुती खोळ घाल. प्लास्टिकचं आवरण घालू नकोस, त्याच्या आत घाम धरतो.

साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई, चादर किंवा जीन्सला 16, चार पदर एकत्र आले तर 18. चुकीच्या सुईने जाड कापड रेटलंस तर सुई मोडते आणि डोळ्याला धोका असतो.

सुया आणि टाचण्यांना गंज धरू नये म्हणून सासूबाई एक युक्ती करत. कापसाऐवजी गुंतवळ भरून चिमुकली उशी शिवायची. केसांना तेलाचा अंश असतो. त्यात खोचलेली सुई सबंध पावसाळा चकचकीत राहते. गुंतवळ आधी नीट धुऊन वाळव, मग दाबून भर. मुठीत मावेल एवढी उशी पुरे.

दाराला दोन पायपुसणी

पावसाळ्यात घराची शोभा उंबऱ्यापाशी सुरू होते. तिथे चिखल अडला, तर घर घर राहतं. त्यासाठी एक पायपुसणं पुरत नाही. बाहेर काथ्याचं हवं, ते चिखल खरवडतं. आत सुती हवं, ते पाणी पितं. काथ्याचं बाजारातून घे. आतलं आपण शिवायचं.

जुनी सोलापुरी चादर घे. तिची वीण घट्ट असते आणि पाणी चांगलं पिते. 60 बाय 45 सेंटीमीटरचा तुकडा काप. तेवढाच तुकडा जुन्या टॉवेलचा काप आणि वर ठेव. दोन्ही तुकड्यांना मिळून पाच-पाच सेंटीमीटरवर आडव्या-उभ्या टिपा घाल, चौकटी पडतील. कडेला जुन्या साडीच्या काठाची पट्टी दुमडून शीव. एका कोपऱ्यात टांगायला नाडीचा फास लाव. झालं.

पदर दोनच ठेव. लोक हौसेने चार-पाच पदरांचं मऊ पायपुसणं करतात. ते पायाला छान लागतं, पण जुलैत वाळायला तीन दिवस घेतं. जुन्या जीन्सचंही तेच. साड्यांच्या पट्ट्यांची वेणी घालून, ती गोल गुंडाळून शिवलेलं पायपुसणं दिसायला सुरेख असतं. सहावारी साडीच्या साडेपाच मीटरमध्ये एक होतं. पण ते हिवाळ्यातलं. पावसाळ्यात त्याच्या वेणीच्या पोटात ओल राहते आणि घरभर वास सुटतो.

आतली सुती पायपुसणी मात्र एका दाराला तीन लागतात: एक दारात, एक दांडीवर, एक धुण्यात. म्हणून एका बैठकीत तिन्ही शिवून टाक. खाली रबरी जाळी अंथर, म्हणजे पायपुसणं सरकणार नाही. जाळी पायपुसण्याला शिवू मात्र नकोस. दोन्ही वेगवेगळी वाळली पाहिजेत.

दाराच्या फटीतून पाणी येत असेल तर उंबऱ्याची वळकटी कर. टेरीकॉटची एक मीटर लांब, तीस सेंटीमीटर रुंद पट्टी घे, लांबीत दुमड, एक बाजू आणि एक तोंड शीव. दुसऱ्या तोंडाला नाडी ओव. आत जुन्या टॉवेलची गुंडाळी सरकव. भिजली की नाडी सोडायची, गुंडाळी काढून पिळायची, दुसरी घालायची. तोंड कायमचं शिवून टाकलंस, तर पाणी आतच सडेल.

पडदे पातळ आणि आखूड

आपल्याकडे पाऊस समुद्राकडून येतो. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या खिडक्या वाऱ्याच्या तोंडावर असतात. आधी दोन दिवस घरात बस आणि कुठल्या खिडकीतून झड आत येते ते बघ. त्या खिडकीला आषाढ संपेपर्यंत पडदा नसला तरी चालेल. लावायचाच तर टेरीकॉटचा, अस्तराशिवाय.

हिशोब असा. खिडकी 120 सेंटीमीटर रुंद असेल, तर पडद्याची एकूण रुंदी दीडपट घे, म्हणजे 180. ती दोन पडद्यांत वाटली की एकेक 90 चा. बाजारातला पन्हा साधारण 112 ते 120 सेंटीमीटरचा असतो, म्हणजे एका पन्ह्यात एक पडदा निघतो आणि कडेची उरलेली पट्टी पडदा टांगायच्या फाशांना येते. उंची फाशाच्या खालच्या टोकापासून खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत मोज. ती 130 आली असं धर. चौकटीखाली 10 सेंटीमीटर, वरच्या दुमडीला 5, खालच्या दुहेरी दुमडीला 10. झाले 155. आटण्यासाठी धरून 165 घे. दोन पडद्यांना मिळून तीन मीटर तीस सेंटीमीटर. हा हिशोब कागदावर लिहून दुकानात ने. दुकानदाराने ‘चार मीटर घ्या’ म्हटलं, तर कागद दाखव.

जमिनीपर्यंत लोळणारा पडदा रत्नागिरीत नको. फरशी पुसली, ओला पाय पडला, की पडद्याचा काठ वातीसारखा ओल वर ओढतो आणि वीतभर उंचीपर्यंत काळी रेघ उमटते.

लोखंडी कड्या आणि हूकही नकोत. गंज उतरतो आणि त्याचा तपकिरी डाग सहजासहजी जात नाही. त्याच कापडाचे फासे कर. सहा सेंटीमीटर रुंद पट्टीच्या दोन्ही कडा आत दुमडून शीव, वीतभर अंतरावर एकेक फास लाव. पडदा काढायला, धुवायला, वाळवायला सोपा जातो.

वाऱ्याने पडदा उडतो, त्यावर सासूबाईंचा उपाय नाण्यांचा होता. दहा पैशांची कातरलेल्या काठाची अॅल्युमिनियमची नाणी आठवतात का तुला? आठवणार नाहीत, 25 पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली. माझ्या डब्यात ती मूठभर आहेत, तुला पाठवते. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. पडद्याच्या खालच्या दुमडीत, दोन्ही कोपऱ्यांत चार-चार नाणी ठेवून वर टीप घाल. पातळ पडद्याला तेवढा भार पुरतो.

अभ्रा एका पट्टीचा

तुझ्या बैठकीतल्या उशा 40 सेंटीमीटर चौरस आहेत. त्यांना चेन लावायच्या फंदात पडू नकोस. धातूची चेन खाऱ्या हवेत वर्षभरात अडकते. लिफाफ्यासारखा अभ्रा कर.

एक मीटर लांब, 42 सेंटीमीटर रुंद अशी एकच पट्टी काप. दोन्ही आखूड टोकं दोन-दोन सेंटीमीटर दुमडून शीव; उरले 96. कापडाची सुलट बाजू आत ठेवून पट्टीची टोकं एकमेकांवर अशी आण, की चौकोन 40 चा होईल. टोकं 16 सेंटीमीटर एकावर एक येतील. त्यातून उशी आत जाते आणि बाहेर डोकावत नाही. दोन्ही उघड्या कडांना एक सेंटीमीटर माया सोडून टीप घाल, उलटव, कोपरे बोथट काडीने बाहेर काढ. एका अभ्र्याला अर्धा तास लागतो. पहिल्याला तासभर लागला तरी घाबरू नकोस.

शोभेसाठी समोरच्या बाजूला खणाचा तुकडा किंवा इरकली साडीचा काठ लाव. पण लावण्याआधी तोही धुऊन घे. प्रत्येक उशीला दोन अभ्रे हवेत. आणि एक कडक ऊन पडलं की अभ्रे काढून नुसत्या उशा उन्हात टाक. श्रावणात असं ऊन मिळतं. ते दिसल्याबरोबर उठायचं.

जुन्या मच्छरदाणीची पिशवी

आता शिवण आणि चपला जिथे एकत्र येतात ती वस्तू सांगते. फाटकी नायलॉनची मच्छरदाणी टाकून देऊ नकोस. तिची 35 बाय 45 सेंटीमीटरची पिशवी शीव, तोंडाला नाडी ओव. जाळीला नुसती टीप धरत नाही, म्हणून प्रत्येक शिवणीवर सुती पट्टी लाव. ओली छत्री, ओले मोजे, धुतलेल्या चपला यात घालून खिळ्याला टांगल्या की पाणी गळून जातं आणि चारी बाजूंनी वारा लागतो. कापडी खोळीत ओली छत्री घातलीस तर दोन दिवसांत तिच्या काड्या गंजतात.

कचेरीत न्यायच्या कोरड्या चपलेसाठी मात्र मेणकापडाची पिशवी कर. मेणकापडाला टाचणी टोचू नकोस, भोक कायम राहतं. कपड्यांचे चिमटे लावून धर. टाके लांब ठेव. बारीक टाके घातले की तिकिटाच्या कागदासारखं ते टिपेवर फाटतं. दाबाखाली चिकटत असेल तर पातळ कागद ठेवून शीव आणि नंतर कागद ओढून काढ. शेवटी शिवणीवर मेणबत्ती घास, टाक्यांची भोकं बुजतात.

चप्पल ओल्या फरशीवर पारखावी

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात मी जांभ्याच्या पायरीवरून घसरले. पायात गुळगुळीत प्लास्टिकच्या चपला होत्या, रंग आवडला म्हणून घेतलेल्या. उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टरमध्ये गेला. म्हणून हा भाग नीट वाच.

पावसाळी चप्पल घेताना आधी तळवा उलटून बघ. खाचा खोल हव्यात, आणि त्या कडेपर्यंत गेलेल्या हव्यात, म्हणजे पाणी बाहेर पडायला वाट राहते. मधोमध नुसती नक्षी असेल तर पाणी तिथेच अडतं आणि पाय घसरतो. रबराचा तळवा ओल्या फरशीला धरतो. कडक, चकचकीत प्लास्टिक धरत नाही. हलक्या फोमच्या चपला लवकर वाळतात, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांचा तळवा लवकर झिजतो. खाचा सपाट झाल्या की चप्पल वरून कितीही नवी दिसो, टाकून दे.

दुकानात कोरड्या फरशीवर चालून बघण्याला अर्थ नाही. पिशवीत एक ओलं फडकं ने, दुकानदाराला विचारून फरशीचा एक कोपरा ओला कर आणि त्यावर चाल. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. चपला संध्याकाळी घे. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाचं माप खरं.

मागे पट्टा असलेली सँडल घे. साध्या रबरी स्लीपरचा मागचा भाग प्रत्येक पावलाला उडतो आणि चिखलाचे शिंतोडे पोटरीपर्यंत, साडीच्या निऱ्यांपर्यंत चढतात. वाहत्या पाण्यात तर स्लीपर पायातून निघून जाते. पट्टा रबराचा किंवा नायलॉनचा असावा. चामडं, कापड, आतून स्पंज लावलेला पट्टा नको. ते वाळत नाही.

बागेत, शेतावर, रात्रीच्या वाटेवर गमबूट. एक नंबर मोठा घे आणि आत सुती मोजे घाल. आतला जाड तळवा सुटा निघणारा हवा, म्हणजे वेगळा वाळवता येतो. आणि कोकणात एक नियम कधी मोडू नकोस: बूट पायात घालण्याआधी उलटा करून दोनदा आपट. विंचू, खेकडा, कधी सापाचं पिल्लूही कोरड्या जागेच्या शोधात त्यात बसतं.

शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र कुठलीही चप्पल धरत नाही. तिथे उपाय चपलेचा नाही, पायरीचा. आठवड्यातून एकदा ब्लिचिंग पावडर टाकून, अर्ध्या तासाने ताठ ब्रशने घासून पायऱ्या धू. त्या वेळी हातात रबरी मोजे घाल, आणि ते पाणी झाडांच्या मुळाशी सोडू नकोस.

भिजलेल्या चपला वाळवताना

चुलीजवळ, गॅसजवळ किंवा हीटरसमोर चप्पल ठेवू नकोस. डिंक सुटतो, तळवा वेगळा होतो, रबराला चिरा पडतात. आधी साध्या पाण्याने चिखल धुऊन काढ. चिखल वाळला की खाचा बुजतात आणि पकड जाते. मग भिंतीला टेकवून उभी कर, पंखा लाव. बूट असेल तर आत रद्दीचा कागद चुरगळून भर आणि दोन-दोन तासांनी बदल. शाई लागेल अशी शंका असेल तर आधी कोरा कागद घाल.

आणि जोड दोन ठेव. एक पायात, एक वाळत. रोज तोच जोड घातलास तर आतून तो कधीच पूर्ण कोरडा होत नाही.

पायांकडे बघ

चपलांची एवढी काळजी पायांसाठीच. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की कातडी पांढरी पडते, चिरते, खाजते. त्यालाच आपण चिखल्या म्हणतो. घरी आलीस की पाय साबणाने धू आणि प्रत्येक बेचकं कोरड्या फडक्याने टीप. ओल्या बेचक्यात तेल लावू नकोस. आधी कोरडं कर. आठवड्यात बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखव. तुझ्या आजोबांना मधुमेह होता. त्यांना मी सबंध पावसाळा अनवाणी अंगणातही जाऊ दिलं नाही, आणि रोज रात्री त्यांचे तळवे दिव्याखाली बघत असे. मधुमेह असणाऱ्या प्रत्येकाच्या घरात हे व्हायला हवं.

पुराच्या पाण्याचा तर धाकच धर. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. चिपळूणला 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. अशा पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायाला चीर असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शिरतो. तशा पाण्यातून चालावं लागलं, तर लगेच पाय धुऊन डॉक्टरांना विचार. आधीच घ्यायचं औषध असतं, ते त्यांच्याच सल्ल्याने घे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर ‘पाण्यातून चालले होते’ हे डॉक्टरांना आठवणीने सांग.

कोल्हापुरी मृगाला आत, नवरात्रात बाहेर

तुझ्या कोल्हापुरी चपला पावसात चुकूनही घालू नकोस. त्यांचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं आणि त्या चामड्याच्याच वादीने शिवलेल्या असतात. पाणी लागलं की तळवा फुगतो, आकार जातो, रंग उतरतो. 2019 मध्ये या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. एवढ्या कारागिरांच्या हातची ती वस्तू नीट सांभाळायला हवी.

मृगाआधी सुक्या फडक्याने पुस, एरंडेलाचा अगदी पातळ हात फिरव, दिवसभर सावलीत ठेव. मग मांजरपाटाची 30 बाय 40 सेंटीमीटरची नाडीची पिशवी शिवून, सुकवलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह त्यात ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. महिन्यातून एकदा काढून वारा दाखव.

मृगाआधी एवढं कर

सगळं एकदम होणार नाही. या रविवारी कापड आणि जुनी चादर भिजत घाल. सोमवारी वाळव. मंगळवार-बुधवारी तीन पायपुसणी आणि मच्छरदाणीची पिशवी शीव. गुरुवारी संध्याकाळी ओलं फडकं घेऊन चपला आणायला जा. पडदे त्यानंतरच्या आठवड्यात. अभ्रे पाऊस सुरू झाल्यावर शिवलेस तरी चालतील, बाहेर झड लागलेली असताना मशीनवर बसायला बरं वाटतं.

आणि शिवताना हात चुकला, टीप वाकडी गेली, तर उसव आणि पुन्हा घाल. म्हणूनच तर माया सोडायची. पहिलं पायपुसणं झालं की मला फोन कर.

— तुझी आजी